पेटीतलं सोनं आणि मनातली चांदी : तुमचे प्रश्न

यावेळच्या पत्रांत एक गंमत दिसली, "काय घेऊ" विचारणारे कमी आणि "मला हे आवडतं, माझं काही चुकतंय का" असं विचारणारे जास्त. म्हणून भाव, गुंतवणूक, कधी विकू हे सगळं पुढच्या अंकात ढकललंय, रागावू नका. नवीन वाचकांसाठी सांगते, मी पंचवीसेक वर्षं सराफी पेढीवर काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेली बाई आहे, खडे ओळखायचा कोर्स केलाय, आणि गिऱ्हाईक दुकानात शिरताना कुठे बघतं आणि बाहेर पडताना काय घेऊन जातं यातला फरक रोज बघितलाय. मतं जरा आगाऊ असतात माझी, पटली नाहीत तर सोडून द्या.

ताई, माझं वय 27, डिसेंबरमध्ये लग्न आहे. प्रॉब्लेम असा की मला सोनं आवडतच नाही. पिवळं चमचमतं गळ्यात आलं की आरशात मी मला मी वाटतच नाही. कॉलेजपासून ऑक्सिडाइज्ड चांदीच घालते. आई म्हणते चांदी पायात घालायची, गळ्यात सोनंच हवं. होणाऱ्या सासूबाई तशा काही बोलत नाहीत पण "आमच्याकडे नवरीला साज असतो" एवढं बोलून गेल्या. लग्नात चांदी घातली तर लोक परिस्थिती काढतील का? आणि चांदी काळी पडते त्याचं काय करायचं? — होणारी नवरी, सांगली

अगं सांगलीत राहून तू चांदीबद्दल अपराधी वाटून घेतेस, हुपरी तुझ्यापासून किती लांब आहे! अख्खं गाव चांदीवर जगतं तिथलं, घरोघरी पैंजण, जोडवी, मासोळ्या घडतात, एकदा आईला घेऊन जाऊन ये, निदान एक दिवस भांडण होणार नाही.

आधी आईचा मुद्दा. पायात सोनं घालायचं नाही हे खरं आपल्याकडे, सोनं म्हणजे लक्ष्मी, म्हणून पैंजण-जोडव्यांना चांदी. पण त्याचा उलटा अर्थ, म्हणजे चांदी कमरेच्या वर चढवायचीच नाही, हा कधी कुणी काढला मला माहीत नाही, आपल्याच आज्या-पणज्यांच्या अंगावर बघ, चांदीचा कमरपट्टा, दंडात वाक्या, गळ्यात सरी. धनगर आणि बंजारा बायका तर गळ्यापासून पायापर्यंत चांदी घालायच्या, आणि ती किलोत मोजावी लागायची. चांदी म्हणजे गरिबी हे समीकरण नंतरचं आणि मला वाटतं जास्त करून शहरातलं, पेढीवर मी स्वतः बघितलंय, एक बाई छान चांदीच्या वाक्या हातात घेऊन दहा मिनिटं बघत बसायची आणि शेवटी "नको, गावाकडचं वाटेल" म्हणून खाली ठेवायची.

पण आईला खरी भीती वेगळी आहे, तिला तू नटलेली बघायचीय हे आहेच पण मुलीच्या नावावर काहीतरी असावं, अडीनडीला मोडता यावं, हे जास्त आहे. ते स्त्रीधन आहे, त्याची चेष्टा करू नकोस. मग ते दागिन्यातच हवं असं कुठे आहे? आपल्याकडे वेढणी मिळतात, 24 कॅरेट सोन्याची साधी गुंडाळलेली तार, अंगठीसारखी दिसते, घडणावळ जवळजवळ नाही. आईने जेवढे तोळे ठरवलेत त्यातले बरेचसे वेढण्यांत घे आणि ठेवून दे. हाराची घडणावळ आणि वरचा 3 टक्के जीएसटी हे दोन्ही मोडताना परत मिळत नाहीत, म्हणजे न आवडणारा हार करून कपाटात ठेवणं हा आईच्याच हिशोबाने तोटा आहे, हे तिला पेन घेऊन कागदावर मांडून दाखव, आयांना आकडे पटतात. आणि हो, 22 कॅरेटचं काही घेतलंच तर 916 च्या शिक्क्याबरोबर तो सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघून घ्या, 1 एप्रिल 2023 पासून तो नसलेला नवीन दागिना विकताच येत नाही (अगदी दोन ग्रॅमच्या आतलं आणि कुंदन-पोलकी सोडून), बीआयएस केअर नावाच्या ॲपवर टाकला की कळतं खरा आहे का.

आता सासूबाईंचा साज. तू न सांगता मी गृहीत धरते की कोल्हापुरी साज. तो एकदा नीट जवळून बघ गं, सोनं म्हणून नको, काम म्हणून बघ. एकवीस पानं मोजतात त्याची, दहा अवतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, एक माणकाचं, एक पाचूचं, आणि मधलं डोरलं. मत्स्य, कूर्म, चंद्र, शंख असं सगळं नखाएवढ्या पानात ठोकून काढलेलं, मध्ये जवमणी, आत लाख भरलेली. तुला ऑक्सिडाइज्डमध्ये जे आवडतं ना, खोदकाम, सावल्या, थोडा खडबडीतपणा, ते सगळं जुन्या साजात आहे. तुला सोनं आवडत नाही की हल्लीचं आरशासारखं हाय पॉलिश आवडत नाही? माझा अंदाज दुसरा. जुन्या, वापरून मऊ झालेल्या सोन्याचा रंग वेगळाच असतो, जरा लालसर, चमक कमी. सासूबाईंचा जुना साज असेल तर "नवीन करू नका, तुमचाच द्या एक दिवस" म्हण, बघ कशा विरघळतात. तरीही नाही आवडला तर चांदीत साज करून मिळतो, हवा तर वर सोन्याचं पाणी देऊन, हवा तर काळसर ठेवून.

लोकांचं म्हणशील तर लोक परिस्थिती काढणारच, तू पन्नास तोळे घातलेस तर "खरं आहे का" म्हणतील.

काळं पडण्याचं आता. चांदी गंजत नाही, हवेतला गंधकाचा वायू लागून वर चांदीचं सल्फाइड बसतं, तेच काळं. नाल्याजवळ, खाडीजवळ राहणाऱ्यांची चांदी जास्त काळवंडते ती यामुळेच. रबरबँड लावून ठेवू नकोस, लोकरीच्या कपड्यात गुंडाळू नकोस, झिपच्या पिशवीत हवा काढून ठेव. साध्या चांदीला उपाय सोपा, भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर चांदी फॉइलला टेकलेली, खायचा सोडा आणि कडकडीत पाणी, पाच मिनिटांत काळं जातं आणि सडक्या अंड्याचा वास येतो, तो त्या गंधकाचाच. पण तुझ्या ऑक्सिडाइज्डला हे चुकूनही करू नकोस!! नाव ऑक्सिडाइज्ड असलं तरी तेही सल्फाइडच असतं, मुद्दाम चढवलेलं, खोदकामात बसवलेलं, सोड्यात टाकलंस की पाच मिनिटांत पांढरीफटक चांदी हातात येईल आणि मग मला शिव्या देशील. त्याला फक्त मऊ सुती कापड. टूथपेस्ट कशालाच नाही, ओरखडे पडतात.

घेताना 925 चा शिक्का बघ, म्हणजे हजारात 925 भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं, कारण निव्वळ चांदी फार मऊ. चांदीला अजून हॉलमार्कची सक्ती नाही, ऐच्छिक आहे, त्यामुळे बिलावर टंच, म्हणजे शुद्धता किती ते, लिहून घे. लाजायचं नाही मागायला.

आमच्या आजीची एक अंगठी आहे, साधारण 1930 च्या आसपास केलेली, मधला लाल खडा बर्मी माणिक म्हणून घरात प्रसिद्ध. वाटण्यांत ती माझ्याकडे आली. मुलीने परवा हौसेने लॅबमध्ये नेली तर रिपोर्टवर सिंथेटिक रुबी. घरात सुतक पडल्यासारखं झालंय. आजीला सोनाराने फसवलं, की मधल्या काळात कुणीतरी खडा बदलला? मधली वीस वर्षं अंगठी एका काकांकडे होती, त्यामुळे... — गिरगावातून एक नातू, वय 58

तुमचे ते तीन टिंब वाचून मी पोट धरून हसले, माफ करा, पण आधी काकांना आरोपीच्या पिंजऱ्यातून खाली उतरवा.

बहुतेकांना वाटतं की लॅबमध्ये खडे बनवणं ही कालपरवाची गोष्ट. हिऱ्यांच्या बाबतीत ते थोडंफार खरं, माणकाच्या बाबतीत अजिबात नाही. पॅरिसमध्ये ऑग्युस्त व्हर्नेय नावाच्या केमिस्टने 1902 मध्ये माणिक तयार करायची पद्धत जाहीर केली, ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड, रंगाला जराशी क्रोमियमची, ती ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडायची, वितळून खाली दांडीवर थेंब थेंब साठते आणि काही तासांत गाजरासारखा लालभडक स्फटिक उभा राहतो. तुमच्या आजीची अंगठी झाली तोवर या गोष्टीला पंचवीस-तीस वर्षं झाली होती आणि असे खडे जगभर बाजारात होते, म्हणजे आजीच्या अंगठीत सुरुवातीपासून तोच असायची दाट शक्यता आहे. सोनाराला तरी माहीत होतं का, देव जाणे. साध्या डोळ्याला तो खऱ्यापेक्षा खरा दिसतो, स्वच्छ, एकसारखा लाल, आणि हीच त्याची चुगली, कारण खाणीतल्या एवढ्या मोठ्या आणि एवढ्या निर्मळ माणकाची किंमत एका गिरगावकर कारकुनाला परवडली नसती. (आजोबा संस्थानिक असतील तर हे वाक्य मागे.)

लॅबवाल्यांनी कसं ओळखलं ते सांगते, तुम्हीही दहा पटीच्या भिंगातून बघू शकता, आडव्या उजेडात, जरा चिकाटी लागते. अशा माणकात आत बारीक वळणदार रेघा दिसतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, कारण तो थरावर थर गोल वाढत गेलेला. खाणीतल्यात रेघा असल्या तर सरळ असतात, कोनात मोडलेल्या. काच असती तर रिपोर्टवर सिंथेटिक रुबी आलंच नसतं, काच आलं असतं. हे माणिकच आहे, तोच पदार्थ, कडकपणा दहापैकी 9, हिऱ्याच्या खालोखाल, फक्त जन्म बर्मातल्या मोगोकच्या खाणीतला नाही, भट्टीतला.

खडा नंतर बदललाय का याचा अंदाज कोंदणावरून येतो. कडा एकदा उचकटून परत दाबल्या की सोन्यावर बारीक चिरा, हत्याराच्या खुणा राहतात, कुठे नवीन डाग दिला असेल तर तिथला रंग वेगळा पडतो. कुठल्याही जुन्या कारागिराला दाखवा, दोन मिनिटांत सांगेल. पण मी तुमच्या जागी असते तर दाखवलीच नसती, काकांना आता या वयात काय विचारणार.

आणि घरात सुतक वगैरे कशाला, इंग्लंडच्या राजाच्या मुकुटात समोरच जो भलामोठा लाल खडा आहे ना, ब्लॅक प्रिन्सचा रुबी म्हणतात त्याला, तो माणिक नाहीच, स्पिनेल आहे, वेगळंच खनिज. काही शतकं लाल म्हणजे रुबी धरून चाललं होतं, तपासायला विज्ञान नव्हतं. आपल्याकडे जुने जवाहिरे त्याला "लाल" म्हणायचे आणि माणकापासून वेगळा ओळखायचे, मुघलांना तर हे लाल फार प्रिय, त्यावर नावं कोरून घ्यायचे. त्यांना जो रंग आवडला तो आवडला.

अंगठी बोटात घाला. एकच गोष्ट, वाटण्यांत ती बर्मी माणकाच्या भावाने तुमच्या हिश्शात धरली गेली असेल तर तो विषय मी हातात घेणार नाही, तो वकिलांचा कॉलम पान 42 वर आहे.

वन ग्राम घातलं की कानाच्या पाळ्या लाल होतात आणि पाणी सुटतं, म्हणून नवऱ्याने 18 कॅरेट व्हाइट गोल्डचे टॉप्स आणले, वर्षभर छान, आता तेही खाजतात. सोन्याचीही ॲलर्जी असते का? — जळगाव

सोन्याची क्वचित, निकेलची भरपूर जणांना. इमिटेशनमध्ये खालच्या धातूत निकेल असतं, वरचा मुलामा घासला की ते कातडीला लागतं. व्हाइट गोल्ड म्हणजे सोन्यात पांढरे धातू मिसळलेले, कधी पॅलेडियम, कधी निकेल, आणि वर ऱ्होडियम नावाच्या चकचकीत पांढऱ्या धातूचं पाणी. ते पाणी वर्ष-दोन वर्षांत उतरतं, तुमची तारीख बरोबर जुळतेय. परत ऱ्होडियम मारून घेता येईल पण दर वर्षी तेच. पांढराच रंग आवडत असेल तर प्लॅटिनम 950 घ्या किंवा स्वस्तात टायटॅनियम. नाहीतर पिवळं 22 कॅरेट, त्यात चांदी-तांबं असतं, बहुतेकांना सोसतं. दांडीला नेलपॉलिश लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, चार दिवस टिकतो. आत्ता पाणी सुटतंय तर आधी काढून ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

वय 41, आयटीत आहे, पुण्यात. मला भिकबाळी घालायची आहे. खूप वर्षांपासून. बायको हसते, मुलगी म्हणते बाबा क्रिंज. क्लाएंट मीटिंगमध्ये कसं दिसेल? आणि कान वरच्या बाजूला टोचायचा तर काय काळजी घ्यायची? मोती खराच घ्यावा का? — कोथरूड

घाला हो. पेशवाईतली चित्रं काढून बघा, एकापेक्षा एक कर्तबगार माणसं कानात टपोरे मोती घालून बसलीयत आणि कुणी त्यांना क्रिंज म्हटल्याची नोंद नाही.

एक मात्र, हल्ली गणपतीत ढोल-ताशाच्या पथकात दहा दिवस चापाची भिकबाळी लावून फोटो काढतात ते वेगळं आणि तुम्हाला हवं ते वेगळं, म्हणून विचारते, आधी चापाची घेऊन महिनाभर घरी घालून बघा. आरशाची सवय व्हायला हवी. पहिले आठ दिवस बायको हसेल, दहाव्या दिवशी तिला दिसणं बंद होईल, आणि मग कळेल की तुम्हाला ती हसण्यासाठी हवी होती की स्वतःसाठी.

टोचायचंच ठरलं तर नीट वाचा. भिकबाळी कानाच्या वरच्या भागात, तिथे कूर्चा असते, पाळीसारखं मऊ मांस नाही. रक्तपुरवठा कमी त्यामुळे भरायला वेळ लागतो, पाळी दीड-दोन महिन्यांत भरते, कूर्चेला सहा महिने ते वर्षसुद्धा लागतं. मॉलमधल्या गनने टोचू नका, तिने कूर्चेला दणका बसतो, सुईनेच, जिथे सुई नवीन फोडतात तिथेच. सुरुवातीला मोत्याची बाळी नाहीच, टायटॅनियमची किंवा चोख सोन्याची साधी बारीक घाला, हेल्मेट घालताना जपा (कोथरूडचे असाल तर हेल्मेट घालत नसाल, तो वेगळा प्रश्न), हेडफोन कानावर दाबणारे वापरू नका. सूज वाढली, ताप आला तर घरगुती हळद वगैरे नाही, थेट डॉक्टर.

मोत्याचं म्हणाल तर रोज घालायला कल्चर्ड घ्या, तोही खराच असतो, शिंपल्यातच वाढतो, फक्त सुरुवात माणसाने करून दिलेली. नैसर्गिक बसऱ्याच्या मोत्यांची किंमत ऐकली तर कान टोचायच्या आधीच दुखेल. दोन मोती आणि मध्ये लाल नाहीतर हिरवा खडा ही ठरलेली घडण, ती मला हिरव्यात जास्त आवडते, पण सावळ्या रंगावर लाल काय खुलतो म्हणून सांगू. क्लाएंटचं काही नाही, व्हिडिओ कॉलवर दिसते फक्त एक ठिपका.

आईची नथ पिवळी पडलीय, मोती पांढरे करायला ब्लीच किंवा लिंबू चालेल का? पुढच्या महिन्यात बारसं आहे. — डोंबिवली

नाही नाही नाही. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूचाच सख्खा भाऊ, लिंबू-व्हिनेगर लागलं की विरघळायला लागतो. ब्लीच, फॉइल-सोडा, रिठा, ब्रश, सगळं बंद. ओलसर मऊ कापडाने एकेक मोती पुसा, सावलीत वाळवा, बास. तार काळी झाली असेल तर गाठवणाऱ्याकडून नवीन सोन्याच्या तारेत गाठवून घ्या. अत्तर, स्प्रे, पावडर सगळं झाल्यावर नथ सगळ्यात शेवटी घालायची आणि सगळ्यात आधी काढायची. आणि पिवळेपणा म्हणाल तर जुन्या बसरा मोत्यांचा मूळ रंगच सायीसारखा असतो, पांढराशुभ्र नथीचा मोती बघून मला तर उलट शंका येते. आईची फार जुनी असेल तर पुसण्याआधी एकदा जाणकाराला दाखवा, एक्स-रेवर नैसर्गिक की कल्चर्ड ते कळतं. कोण जाणे, बारशाला वेगळीच बातमी मिळायची.

मी जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला हिरा, पन्ना यातलं काही आवडत नाही, मला कॅव्हनसाइट आवडतं, वाघोलीचं. एक छोटा निळा गुच्छ मिळालाय, त्याची अंगठी करायची आहे. सोनार म्हणाला हे काय, खडीचा दगड? घरच्यांचंही तेच मत. अंगठी होईल का? — पुणे

तुझं पत्र वाचून मला किती आनंद झाला काय सांगू. बाकीच्यांसाठी सांगते, पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत, जिथे बांधकामाची खडी काढतात तिथेच, हे गर्द निळं खनिज मिळतं, सुयांच्या फुलासारखं, स्टिल्बाइट नावाच्या पांढऱ्या खनिजावर बसलेलं, निळी शाई सांडावी तसं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून नाव पडलंय. पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ऑरेगॉनमध्ये 1967 ला, पण जगात सगळ्यात सुंदर नमुने म्हणून नाव घेतात ते वाघोलीचं, परदेशी म्युझियममध्ये लोक रांगा लावून बघतात आणि इथे त्यावरून डंपर जातात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकले, नंतर पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि ही सगळी फुलं उमलली, जळगाव-नाशिककडच्या खाणींतली झिओलाइटं, म्हणजे स्टिल्बाइटच्या जातीची खनिजं, पण अशाच पोकळ्यांतली. तुला हे माहीतच असेल, तुझ्या सोनारासाठी लिहिलं.

पण अंगठी नको रे. कडकपणा 3 ते 4, वर ठिसूळ. नुसत्या धुळीतच क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कडकपणा 7, म्हणजे 7 पेक्षा बराच मऊ असलेला कुठलाही खडा रोज बोटात घातला तर नुसता पुसूनसुद्धा ओरखडतो, आणि तुझं तर सुयांचं फूल आहे, बसच्या दांड्याला हात लागला की संपलं. मोहच आवरत नसेल तर लॉकेट कर, मागे चांदीची वाटी आणि पुढे काच, किंवा तारेच्या पिंजऱ्यात, गळ्यात मार कमी बसतो. साबण, अल्ट्रासॉनिक मशीन काही नाही. कधीतरीच घाल, एरवी टेबलावर डबीत.

आणि दख्खनचाच दगड बोटात हवा असेल तर अकीक घे ना! तोही याच बेसाल्टच्या पोकळ्यांतला, पण क्वार्ट्झच्याच जातीचा, साडेसहा-सातचा कडक, आयुष्यभर घाल. पट्ट्यापट्ट्यांचा अकीक मला हिऱ्यापेक्षा कितीतरी बोलका वाटतो, कुठलेही दोन सारखे नसतात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदीत लिहिलंय की पैठणहून असे पट्ट्यांचे दगड गाड्यांवर लादून भरूचच्या बंदरात यायचे आणि तिथून रोमन लोकांकडे जायचे. म्हणजे आपल्या खडीच्या दगडाच्या अंगठ्या रोमन माणसं मिरवत होती, हे तुझ्या घरच्यांना सांग. सोनार बदल.

तुम्ही सगळ्यांना सांगता, तुमचा स्वतःचा आवडता दागिना कोणता? (हे पाच जणींनी विचारलंय, शब्द थोडे वेगळे.)

बरं. धातूंत मला जुनं 22 कॅरेट, नवीन नाही. प्लॅटिनम मान्य आहे पण प्रेम नाही, स्टीलच्या ताटासारखं वाटतं, प्लॅटिनमवाल्यांनी चिडू नये. खड्यांत स्पिनेल आणि अकीक. हिऱ्याची सात खड्यांची कुडी दुसरीच्या कानात आवडते, माझ्या नाही. रोझ गोल्ड अजिबात नाही.

आणि आवडता दागिना म्हणाल तर तन्मणी. तुळशीबागेतून घेतलेला, दीडशे रुपयांना, मोती काचेचे, मधला खडा काचेचा, मागचा पत्रा कशाचा ते मी मुद्दाम तपासलेलं नाही. घडण मात्र अशी काही साधलीय कुणीतरी की पेढीवरच्या एकीच्या लग्नाला तो घालून गेले तेव्हा आमच्याच लाइनीतल्या दोन जुन्या सराफांनी बाजूला घेऊन विचारलं, कुठे करून घेतलात, कारागीर कोण. मी म्हटलं आईचा आहे.